पान्याखालची वाट

माझ्या पोरीच्या कमरंला दोन रिकाम्या बाटल्या बांधलेल्या असत्यात. पान्याच्याच बाटल्या, झाकन घट्ट लावलेल्या, एक पोटाकडून अन् एक पाठीकडून, अन् दोन्हीत ज्वारीचे मूठभर दाने. शनिवारी बंगलेवाले येत्यात तवा त्यायची लेकरं हसत्यात, मम्मी ती बघ रोबोट म्हनत्यात. हसू द्या. बाटल्या कशासाठी तर पोरगी पान्यात पडली तर वर राहावी, अन् दाने कशासाठी तर ती कुठं हाये ते मला ऐकू यावं. खुळखुळ चालू हाये तवर माझे हात काम करत्यात. खुळखुळ थांबली का हातातलं तिथंच टाकून मी पळते.

आमी बेटावर राहतो. हे बेट आधीपासून बेट न्हवतं, इथं गाव होतं. गोदावरीवर खाली बंधारा झाला अन् पानी मागं मागं सरकत आलं, तसं गाव उठलं. सरकारनं वर सडकंला प्लॉट पाडून दिले, लोकायनं चौकटी काढल्या, पत्रे काढले, पारावरचा मारुती ट्रॅक्टरात घातला अन् गेले. राह्यलं ते टेकाड. त्याला पांढरी म्हनत्यात, घरं पडून पडून, माती साचून साचून उंच झालेली जागा. चारी अंगानं पानी भरलं पन पांढरी बुडाली न्हाई. मंग शहरातल्या एका शेठनं ती घेतली, एका बाजूनं भराव टाकून रस्ता केला, टेकाडाची माती सारखी केली, अन् पांढरेशिप्पट बंगले बांधले, सगळे एकासारखे एक, सगळ्यायचं तोंड पान्याकडं. गेटवर मोठा बोर्ड हाये, त्याच्यावर निळं पानी, होडी अन् मोठी टोपी घातलेली एक गोरी बाई. तसली बाई म्या इथं अजून बगितली न्हाई.

माझे मालक गेटवर वाचमन हायेत अन् मी बंगले बघते. त्याच्या आधी आमी उसाच्या फडावर होतो, घनसावंगीच्या अंगाला. पोरगी तिथंच झाली. तिला बांधावर निजवून मी मोळ्या बांधायची अन् ट्रॅक्टर मागं येऊ लागला का मोळी टाकून तिच्याकडं पळायची. तिथं चाकाचं भेव होतं, इथं पान्याचं हाये. पन इथं पक्की खोली हाये, लाईट हाये, अन् हे म्हनत्यात, अगं लोकं इथं राहायला तरसत्यात अन् तू रडू राह्यली.

लोकं तरसत असतीन पन राहत कोनी न्हाई. शनिवारी गाड्या येत्यात, शेगड्या पेटत्यात, मटन भाजत्यात, गाने लावत्यात, होडीत बसून फोटो काढत्यात, अन् रविवारी चहा पिऊन जात्यात. सोमवार ते शुक्रवार आमी तिघंच. तवा माझं काम असतं बंगले चालवायचं. सुपरवायझर असंच म्हनतो, बंगले चालवा. बंद घर नासतं. मी चाव्यायचा जुडगा घेऊन एकेका घरात जाते, खिडक्या उघडते, नळ सोडते, संडासात पानी सोडते न्हाईतर वास मारतो, गाद्या उलट्या करते. पोरगी मागं मागं, खुळखुळ, खुळखुळ. भिंतीवर त्या लोकायचे फोटो असत्यात, लेकरायचे हसरे चेहरे, अन् घरात कोनीच न्हाई. मी फोटोकडं बघत न्हाई. दिवे मातर आटोमॅटिक हायेत. दिवस मावळला का सगळ्या बंगल्यायचे दिवे आपोआप लागत्यात. एकदा माझी माय केदारखेड्याहून आल्ती, चार दिवस राह्यली. पहिल्या दिवशी दिवे लागले तशी ती म्हनली, आले वाटतं लोकं. म्या म्हनलं, कोनी न्हाई माय. मंग ती दारात बसून राह्यली बघत. आमच्याकडच्या नदीत आठ म्हैने वाळू असती, तिला एवढं पानी अन् एवढे दिवे एका जागी बघायची सवय न्हाई. जाताना एवढंच म्हनली, पोरीला नजरंआड करू नको.

बेटाच्या मागल्या अंगाला झोक्याची जागा हाये. लॉन, घसरगुंडी, झोका, अन् त्याच्या भवती गोल लावलेले नदीतले गोटे, नारळाएवढे, चुन्यानं रंगवलेले. चुना मीच मारते. तिथून खाली पायऱ्या हायेत पान्यात उतरनाऱ्या, होडीसाठी. पायऱ्याला दार न्हाई, जाळी न्हाई. म्या सुपरवायझरला म्हनलं, साहेब तिथं जाळी बसवा, लेकरू हाये. तो म्हनला, जाळी बसवली तर व्ह्यू जातो ना ताई. मंग आमी सोमवारी तिथं बाभळीच्या काट्या आडव्या लावतो अन् शनिवारी सकाळी काढून टाकतो, येनाऱ्यायला दिसू न्हाई म्हनून.

उन्हाळा लागला, पानी उतरू लागलं, तवाची गोष्ट. पोरगी झोक्याकडून आली अन् तिचं तोंड हलून राह्यलेलं. म्या बोट घालून बगितलं तर दूधभाकर. दुधात कुस्करलेली, गुळाची.

म्या इचारलं, "कोनी दिली गं?"

"आईनं."

"मी कवा दिली?"

"तू न्हाई. पान्यातली आई."

म्या तिला उचलून खोलीत नेलं, कडी लावली, चूळ भरायला लावली. ती रडून राह्यली, गोड हाये म्हनून रडून राह्यली. ह्यायला सांगतलं तर म्हनले, बंगलेवाल्यायचं काईतरी उरलेलं खाल्लं असंल. म्या म्हनलं, बंगलेवाले दूधभाकर खात्यात का?

मंग एका सकाळी मलाच दिसली. मी बंगल्याच्या मागल्या ओट्यावर पायपुसन्या झटकू राह्यले होते. ऊन वर आल्तं, पानी थाळीसारखं चमकू राह्यलं होतं, अन् पार मधोमध एक बाई उभी. कमरंपासून वर दिसत होती. डोक्यावर पदर, हातात काईतरी वर धरलेलं. अन् ती चालून राह्यली होती. पोहत न्हवती, चालत होती, आपन सडकंनं चालतो तशी, सावकाश. तिथं बांबू बुडतो एवढं पानी हाये असं शनिवारचा होडीवाला सांगतो. मी पोरीला काखंत मारली अन् आत पळाले. खिडकीतून बघायची हिंमत झाली न्हाई. पोरगी मातर माझ्या खांद्यावरून दाराकडं बघून म्हनली, आली.

हे घरी जेवायला आले तवा म्या सांगतलं. ह्यायनं भाकर मोडता मोडता म्हनलं, "पान्यातून चालत येती? मंग तिला म्हनावं आधी गेटवर पावती फाड. व्हिजिटर हाये."

"हसू नका. पोरीला बोलवू राह्यली ती."

"अगं उन्हात डोळ्याला तसं दिसतं."

"अन् भाकर?"

ते उठले, काठी घेतली, सगळ्या बेटाला चक्कर मारून आले. कोनी न्हाई म्हनले. पन त्या दिवसापासून दुपारच्याला गेट सोडून एक चक्कर झोक्याकडं मारू लागले, ते म्या बगितलं.

माझ्या मायला फोन केला. ती रागावली. "आपल्यात ते न्हाई. पान्यातली आसरा न्हाई, भूत न्हाई, उतारा न्हाई. तुझ्या आज्यानं ते समदं सोडलं तवा तुझा बाप लहान होता. तू विहारात वाढलेली पोरगी, तुला शोभतं का?"

"मला दिसली ना माय."

"दिसू दे. भूत खोटं हाये." मंग म्हनली, "पानी मातर खरं हाये. पानी सांभाळ."

त्या दिवशी म्या बाटल्याच्या नाडीला एकीच्या दोन गाठी केल्या, पाठीमागं, पोरीचा हात पोचत न्हाई तिथं.

पुढच्या सोमवारी चादरी धुवायच्या होत्या. शनिवार-रविवारच्या चादरी लई निघत्यात, ओल्या, रश्श्याचे डाग पडलेल्या. मी नळाखाली घासू राह्यले होते अन् पोरगी बाजूला, खुळखुळ, खुळखुळ. मी ब्रश मारला, पिळलं, दुसरी घेतली. कवा आवाज थांबला ते मला कळलं न्हाई. नळाचा आवाज होता ना. नळ बंद केला अन् मंग कळलं का काईच ऐकू येत न्हाई.

मी झोक्याकडं पळाले. आधी मला बाटल्या दिसल्या. गोट्यायच्या गोलात, एका गोट्याला टेकवून ठेवलेल्या, नाडीसकट. मंग काट्या दिसल्या, एका कडंनं सरकवलेल्या. मंग पोरगी. पायऱ्या उतरून ती पार आत गेल्ती, पानी तिच्या छातीला लागलेलं, दोन्ही हात वर धरून ती चालून राह्यली होती, अन् समोरून पान्यातून ती बाई येत होती, हात पुढं करून.

मला पोहता येत न्हाई. मी तशीच उतरले. दर पावलाला वाटायचं आता जमीन सरकन, आता सरकन, पन जमीन सरकली न्हाई. पायाखाली कडक होतं. चिखल न्हवता, खडी होती, सडक होती, मला तळव्याला गिट्टी टोचत होती. मी ओरडत होते का न्हाई ते आठवत न्हाई. त्या बाईनं पोरीला उचललं अन् कडंवर घेतलं अन् माझ्याकडं बघून दरडावलं, "थांब. हाय तिथं थांब."

मी थांबले.

"उजव्या अंगाला पाऊल टाकू नको. तिथं बारव हाये, जुनी इहीर. माझ्याकडं बघून सरळ ये. घाई करू नको."

मी बगितलं तर पान्याखाली काईच दिसत न्हवतं, सगळं पानी सारखंच. ती माझ्यापाशी आली, पोरीला माझ्याकडं दिलं न्हाई, म्हनली, "तुला वाट ठावं न्हाई, पाडशीन. माझ्या मागं पाय टाक." अन् पुढं झाली. मी तिच्या पदराचं टोक धरलं. ओला, जाडा, खराखुरा पदर. तसं आमी पायऱ्यावर आलो.

म्हातारी होती. पाय पान्यानं पांढरे पडलेले, हातात पितळी डबा, झाकन बांधलेला. पोरीला खाली ठेवलं तशी म्या तिला ओढून घेतलं अन् पाठीवर एक धपाटा दिला, मंग छातीशी धरलं. म्हातारी म्हनली, "मारू नको. तिचं काय चुकलं. मला बघून आली."

"तुमी कोन?" म्या इचारलं. "इथं काऊन येता?"

"मी इथलीच. तू कोन?"

म्या सांगतलं, वाचमनची बाई. तिनं इचारलं, कोनाच्यातली, माहेर कुठलं. म्या सांगतलं. तिनं मान हलवली. तिचं घर कुठं होतं ते तिनं हातानं दाखवलं, मधल्या बंगल्याच्या पोहायच्या हौदाकडं. आमी पान्यात चाललो ती गावाची सडक होती. उन्हाळ्यात पानी उतरलं का तिच्यावर कमरंइतकंच राहतं, म्हंजी म्हातारीच्या कमरंइतकं.

"भरावाच्या रस्त्यानं काऊन येत न्हाई मावशी? पान्यातून यायचं म्हंजी..."

"एकदा गेल्ते गेटवर. इचारलं, कोनत्या बंगल्यात जायचं. मी काय सांगू?" तिनं पदर पिळला. "अन् मी ह्या वाटंनं नांदायला आले. दुसरी वाट माझी न्हाई."

मला माझ्या मालकाचं ते पावतीचं बोलनं आठवलं. म्या खाली बगितलं.

तिनं डबा उघडला. दूधभाकर होती. ती झोक्याकडं गेली अन् गोट्यापाशी वाकून एकेकाला घास घास ठेवू लागली. ते बघून मला समजून राह्यलं होतं अन् समजून घ्यायचं न्हवतं. म्या इचारलं, हे काय करता.

"लेकरं हायेत," ती म्हनली. "मोठं मानूस मेलं तर जाळायचं. मोठ्यायच्या जागा अलग अलग होत्या, तुमची तिकडं, आमची इकडं. लहान लेकरू गेलं तर त्याला जाळत न्हाईत. त्याची जागा एकच होती, ही, समद्या गावाची. दात न आलेली लेकरं. उशाला नदीतला गोटा ठेवायचा, ज्याचा त्याला ठावं. मारुती नेला ट्रॅक्टरात, हे कसे नेनार?"

म्या त्या गोट्यायला दोनदा चुना मारला होता. शेठच्या मजुरायनं माती सारखी करताना ते गोळा केले अन् शोभा म्हनून गोल लावले, त्यायला काय ठावं. म्या इचारलं, मंग तुमचा कोनता.

"तेच तर कळत न्हाई. रांग होती तवा डोळे झाकून सांगतलं असतं. आता समद्यायला ठेवते. समद्यायला ठेवलं तर माझ्या लेकराला बी भेटलंच ना."

तिचं दोन म्हैन्याचं होतं. पोरगा का पोरगी ते तिनं सांगतलं न्हाई अन् म्या इचारलं न्हाई.

तेवढ्यात ती बाटल्यापाशी आली. एका गोट्याला टेकवून ठेवलेल्या माझ्या पोरीच्या बाटल्या. तिनं पोरीकडं बगितलं. "ह्या इथं कोनी ठेवल्या?"

"म्या," पोरगी म्हनली. "बाळाला."

"ह्यालाच काऊन दिल्या गं माय?"

"हे रडतं," पोरगी म्हनली. आपन ऊन हाये, पानी हाये म्हनतो तसं म्हनली.

म्हातारी खाली बसली, त्या गोट्यापाशी, अन् हात ठेवला. चुना तिच्या तळव्याला लागला. मी पोरीला घट्ट धरून उभी होते अन् माझ्या मनात एकच चालू होतं, ती गाठ. गाठ पाठीमागं असती. म्या दोन गाठी मारल्या होत्या. पोरीला ती गाठ सोडता येत न्हाई. अजून बी येत न्हाई, म्या मागून दहादा करून बगितलं, तिचा हात तिथवर जातच न्हाई.

म्या म्हातारीला इचारलं, तुमी सोडल्या का बाटल्या. ती म्हनली, मी तर पान्यात होते, तू बगितलं ना.

ती निघाली तशी मी तिच्या पाया पडायला वाकले अन् म्हनलं, "मावशी, पोरगी दिसंल असं येऊ नका. तुमाला बघून ती पान्यात उतरती."

"मी येते तवर ती पायरीवर थांबती. आज मला उशीर झाला म्हनून पुढं आली." तिनं डब्याचं फडकं बांधलं. "मी पोळ्यापर्यंतच येनार. मंग पानी चढतं, वाट गळ्याच्या वर जाती. त्याचं मला भेव हाये. लेकरू वाट बघीन, मंग मला बघायला येईन, अन् तिला वाटंल वाट आधीसारखीच हाये. तिला इथं गुंतवून ठेव बाई, ह्या गोट्यापाशी. पायरीपाशी जाऊ देऊ नको."

बाटल्या ती मागत न्हवती पन म्या उचलल्या न्हाईत. तिथंच राहू दिल्या. पोरीला नव्या दोन केल्या, इथं रिकाम्या बाटल्याला काई तोटा न्हाई.

त्या दिवशी ह्यायला समदं सांगतलं. हे हसले न्हाईत. म्हनले, "गेटवर कोन होतं तवा? मी होतो का?" म्या म्हनलं, तिनं तोंड बगितलं न्हाई. मंग म्हनले, "सोमवार ते शुक्रवार मी सोडतो तिला. कॅमेऱ्यात दिसलं तर सांगन बंगल्याची कामवाली हाये." हा निरोप म्या म्हातारीला दिला. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली, अन् दुसऱ्या बारीला परत पान्यातूनच आली.

पोळा झाला अन् ती आली न्हाई. वर पाऊस झाला, खाली बंधाऱ्याची दारं लावली, पानी दोन पायऱ्या चढलं, मंग अजून. रंग गढूळ झाला. आता ती सडक कुठं हाये, बारव कुठं हाये, कोनाला सांगता येनार न्हाई. पोरगी दोन दिवस काट्यापाशी जाऊन बसली. आजी न्हाई आली म्हनायची. तिसऱ्या दिवशी म्या बगितलं तर तिनं एक काटी उपसली होती अन् तिच्या बोटाला रक्त आल्तं.

मंग म्या भाकर केली. एक लहान, जास्तीची. दुधात कुस्करली, गूळ घातला, पोरीच्या हातात वाटी दिली अन् म्हनलं चल, आजीनं सांगतलंय, आता तू द्यायचं. ती खूश झाली. एकेका गोट्याला घास ठेवायचा, मंग पुढच्या गोट्याकडं जायचं. पूर्न गोल फिरायला तिला लई वेळ लागतो. मधीच बसती, बोलती, घास परत उचलून दुसऱ्याला देती. तेवढा वेळ पायरीची आठवन तिला होत न्हाई. कावळे येत्यात, खारी येत्यात, समदं साफ होतं.

माझ्या मायला हे सांगतलं न्हाई. मालक एकदा मागं येऊन उभे राह्यले होते. मला वाटलं आता म्हनतीन, आपल्यात हे न्हाई. म्या आधीच म्हनलं, "मला ठावं हाये."

ते म्हनले, "मी काय म्हनलो?" मंग झोक्याची कडी आवळली, ती ढिल्ली झाल्ती, अन् गेटवर गेले.

शनिवारी मातर करता येत न्हाई. शनिवारी बंगलेवाल्यायची लेकरं झोक्यावर असत्यात, गोट्यावर पाय देऊन उड्या मारत्यात. मी लांबून बघते अन् पोरीचा हात धरून ठेवते. एका बंगल्यातल्या मॅडमनं त्या जुन्या बाटल्या उचलून कचऱ्यात टाकल्या होत्या, प्लास्टिक म्हनून. सोमवारी कचरा बांधताना म्या त्या काढल्या, धुतल्या, परत त्या गोट्याला टेकवून ठेवल्या.

दुपारच्याला पोरगी माझ्या दंडावर निजती. बाटल्या सोडत न्हाई, तशाच कमरंला ठेवते, टोचल्या तरी. मागल्या अंगाला झोक्याची कडी वाजती. अन् कधी कधी खुळखुळ येती. वारा असंल, वाऱ्यानं बाटली लवंडत असंल. वारा नसतो तवा बी येती. मी उठून बघायला जात न्हाई. मी पोरीच्या कमरंच्या बाटल्या दोन्ही हातात धरते, एक दाना बी हलू देत न्हाई, अन् ऐकत राहते. आवाज तिकडून येतो. पोरगी इकडं हाये, तिचा श्वास माझ्या दंडाला लागून राह्यलाय.

सकाळी परत पीठ मळते, अन् लहान भाकर आधी थापते.